अंडीताईंच्या झेंड्या

बाईंनी वाळूत गुडघे टेकले आणि घरट्यात बोटं फिरवली. घरटं कसलं, चिखल्या पक्ष्याने छातीने दाबून केलेला खळगा. आत अंडी नव्हती, नुसती ओलसर टरफलं. बाजूला त्यांनीच रोवलेली लाल झेंडी फडफडत होती. रणगाड्यांना लांबून दिसावी म्हणून.

"आमच्या गाडीचा माग आहे का, ताई?" मागे उभ्या असलेल्या रणगाड्याच्या चालकाने विचारलं.

माग नव्हता. रणगाड्यांच्या वाटा झेंड्यांना चांगला वळसा घालून गेल्या होत्या.

लष्कराच्या सरावाच्या किनाऱ्यावर पक्ष्यांची पाहणी करणाऱ्या या बाईंना जवान पाठीमागे 'अंडीताई' म्हणत. गेल्या महिन्यात काही घरटी रिकामी सापडली, तेव्हा अंडीताई मोठ्या साहेबांसमोर कडाडल्या होत्या, "यांना डोळे दिलेत ते कशाला?" त्या दिवशी किनाऱ्यावर रणगाडा होता तो याच चालकाचा. त्याची रजा रद्द झाली, वर बाईंबरोबर घरटी राखत हिंडायची शिक्षा. घरी मुलगी जन्मली होती. तिला त्याने अजून फक्त फोनवर पाहिलं होतं.

पलीकडच्या झेंडीच्या काठीवर एक कावळा येऊन बसला. मान तिरकी करून त्याने खाली पाहिलं, उतरला, चोच मारली. मग इकडेतिकडे न शोधता सरळ पुढच्या झेंडीवर.

बाई बघतच राहिल्या. एवढं शिकून-सवरून त्यांनी कावळ्यांना ताट वाढून ठेवलं होतं, आणि ते चुकू नये म्हणून वर झेंडाही लावला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती आणखी वेगळी काय असते? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी धावत जाऊन एक झेंडी उपटली, मग दुसरी.

"अहो ताई, मग आम्हाला कळणार कसं?"

"कावळ्यांना कळतंय ना!" त्यांचा आवाज चिरकला. "तुमच्या हातून काहीच झालं नव्हतं. हे सगळं माझ्यामुळे झालं. मी आत्ताच साहेबांना जाऊन सांगते."

चालकाने हात हलवून कावळ्याला हुसकावलं. त्याने चिडायला हवं होतं. बाई त्याचीच वाट बघत होत्या.

"नका सांगू," तो म्हणाला. "साहेब निमित्तच शोधतायत. उद्यापासून तुम्हाला फाटकातून आत सोडणार नाहीत. मग उरलेल्या घरट्यांकडे बघणार कोण?"

"पण तुमची रजा..."

"गेली ती गेली. पोरगी काय कुठे पळून जात नाही. अजून रांगतही नाही ती."

तो हसला. नाही, मी सांगणारच, हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते.

"बरं," त्या म्हणाल्या. इतक्या पटकन, की तोही क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला.