अण्णांच्या जबड्याचं बँडेज

अण्णांची सगळी नोकरी चौकशीच्या खिडकीत गेली. लोकांनी विचारायचं आणि अण्णांनी सांगायचं. निवृत्त झाले तेव्हा कचेरीने खिडकी ठेवून घेतली आणि अण्णांना तेवढं घरी पाठवलं. अण्णांना मात्र वाटलं, खिडकीच घरी आलीय! तेव्हापासून त्या घरात प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर अण्णाच देत.

शेजारीण दारात येऊन त्यांच्या बायकोला विचारी, "काय वहिनी, बरं आहे ना?" की आतून दाढीच्या फेसासकट आवाज येई, "उत्तम! तिला काय होतंय!" वहिनी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आई, नुसत्या हसत.

चपलांच्या दुकानातही तेच. दुकानदार आईंना विचारी, "कुठला रंग दाखवू?" आणि अण्णा म्हणत, "तपकिरी. तिला तपकिरी आवडतो."

आईंना चपला वरचेवर लागत, कारण त्या त्यांच्या पायात टिकतच नसत. एक बसच्या पायरीवर राहायची, एक भाजीबाजारात. आई एकाच चपलेवर घरी यायच्या आणि त्यांना पत्ताही नसायचा. "आला आमचा अर्धा जोड!" अण्णा ओरडत. घर खो खो हसे. आईही हसत.

अशा घरातल्या सुनेने मेडिकल असिस्टंटच्या कोर्सला नाव घातलं. दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी पेशंटला भेटतं ते हे माणूस. वजन, ताप, रक्तदाब बघायचा, काय होतंय ते विचारून लिहायचं, मलमपट्टी करायची, रडणाऱ्याला खुर्ची द्यायची आणि भांडणाऱ्याला पाणी.

सूनबाईंचा सराव घरीच सुरू झाला आणि घराची दैना उडाली. नवऱ्याची नाडी बघता बघता नवऱ्याला डुलकी लागली. इकडे हिला नाडी सापडेना. तिने अशी बोंब ठोकली की वरच्या मजल्यावरची माणसं लाटण्यासकट खाली आली. मग नवरा हाती लागेना, म्हणून तिने जेवणाच्या टेबलाच्या पायाला बँडेज केलं. पाहुण्यांनी विचारलं, "याला काय झालं?"

"मुरगळलाय," अण्णांनी सांगितलं. उत्तर तयारच होतं.

प्रात्यक्षिकाची परीक्षा आली. घरचं एक माणूस न्यायचं, त्याला काय त्रास आहे ते विचारायचं आणि लिहून काढायचं. सूनबाईंनी आईंना नेलं. बरोबर अण्णा आले, हे सांगायला नकोच.

"आई, काही त्रास?"

"काही नाही," अण्णा म्हणाले.

"झोप?"

"गाढ! मी जागा असतो ना, मला ऐकू येते."

"भूक?"

"माझ्यापेक्षा जास्त."

सूनबाईंनी भराभर लिहून घेतलं, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. आणि सपशेल नापास झाल्या!

शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर बुटक्या, गोल आणि मोठ्या खोडकर डोळ्यांच्या. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "मुली, पेशंट कोण होतं?"

"सासूबाई."

"मग हे सगळं सासऱ्यांचं का लिहिलंस?"

"अण्णांना सगळं माहीत असतं, सिस्टर."

"आईंच्या पोटात दुखलं तर कळ काय अण्णांच्या पोटात येते? दुखणं ज्याचं, उत्तर त्याचं!"

"पण ते प्रेमाने बोलतात हो."

"प्रेमानेच बोलतात, दिसतंय मला. पण प्रेमाने तोंडावर हात ठेवला, तरी श्वास कोंडतोच ना?" सिस्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आता एकच संधी आहे बघ, उद्याची."

चौकातल्या दवाखान्यात सूनबाईंची जागा ठरली होती, पण सर्टिफिकेट मिळालं तरच. घरी येऊन तिने धीर गोळा केला. "अण्णा, उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल."

अण्णांना खरोखरच काळजी वाटली. "अगं, मग उत्तरं कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी अण्णा सगळ्यांच्या आधी चप्पल घालून दारात उभे!

त्यांना बघताच सिस्टरांचे डोळे चमकले. "काका, अगदी देवासारखे आलात! जबड्याचं बँडेज दाखवायला आम्हाला एक भारदस्त जबडा हवाच होता."

समाजकार्य म्हटल्यावर अण्णांची छाती फुगली. सिस्टरांनी त्यांना खोलीतल्या पडद्याच्या अलीकडे बसवलं, हनुवटीखालून पट्टी घेतली, वर ओढली आणि डोक्यावर गाठ मारली. गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी उभी राहिली. अण्णांना ती कशी बांधतात ते इतरांना समजावून सांगायचं होतं. पण नुसतंच "म्म्म" झालं.

पडद्यापलीकडे सूनबाईंनी विचारलं, "आई, काय त्रास होतो तुम्हाला?"

आईंनी सवयीने पडद्याकडे बघितलं. पडदा म्हणाला, "म्म! म्म्म!" आणि तेवढंच म्हणाला.

सूनबाईंच्या जिभेवर आलं होतं, 'काही नाही, हो ना?' तिने ओठ दाबून धरले आणि थांबली. थांबणं किती अवघड असतं, हे त्या कोर्सच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

"काही नाही गं," आई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "पाय."

"पायाचं काय, आई?"

"खाली फरशी आहे की गादी, कळतच नाही. चप्पल सुटली तरी कळत नाही. मध्ये टाचेत टाचणी गेली होती. मोज्याला रक्त दिसलं तेव्हा समजलं."

सूनबाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. त्या अर्ध्या जोडावर तीही पोट धरून हसली होती!

"आई, सांगितलं का नाहीत?"

"विचारत होते की सगळे. पण मी तोंड उघडेपर्यंत माझी तब्येत उत्तम झालेली असायची."

पडद्याआडचं म्म्म बंद झालं. पडदा सरकला. सशाचे कान लावलेले अण्णा उभे होते आणि हनुवटीखालची पट्टी भिजत होती.

"अहो, रडताय काय? केवढे विनोदी दिसताय!" आई म्हणाल्या आणि हातरुमाल पुढे केला.

सिस्टर सूनबाईंना म्हणाल्या, "त्यांचे शब्द जसेच्या तसे लिही. रोगाचं नाव तू ठेवू नकोस, ते डॉक्टरांचं काम. पण आत्ताच्या आत्ता दाखव त्यांना."

तपासणीत साखर भलतीच वाढलेली निघाली. त्यानेच पायांच्या नसा बधिर होत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आलात. एखादी जखम चिघळली असती आणि कळलंच नसतं, तर..."

दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या अण्णांनी हे वाक्य पुरं केलं नाही. बँडेज तर केव्हाच सुटलं होतं.

सूनबाई पास झाल्या. त्यांच्या पहिल्या पगाराची वाट न बघता अण्णा आईंना घेऊन चपलांच्या दुकानात गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढून बंद आणि मागे पट्टा असलेलं काहीतरी घ्या.

"कुठला रंग दाखवू?" दुकानदाराने विचारलं.

अण्णांचं तोंड उघडलं. झटकन त्यांनी स्वतःच्या हाताने हनुवटी वर ढकलून धरली आणि तशीच धरून बसले. दुकानदाराला वाटलं, दाढ दुखतेय.

आईंना सवय नव्हती. त्यांनी सगळी फळी बघितली. एक जोड उचलला, ठेवला. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. दुकानदार दुसरं गिऱ्हाईक करून आला. अण्णांचा हात भरून आला, पण हनुवटी सुटली नाही.

"लाल," आई म्हणाल्या.

"लाल?" अण्णा थक्क झाले. "अगं, तुला तपकिरी आवडतो ना?"

"तो तुम्हाला आवडतो," आई म्हणाल्या आणि लाल जोडाचा पट्टा लावायला अण्णांपुढे पाय केला.

तर मंडळी, तुमच्या-माझ्या घरातही एखादं माणूस असेल, ज्याची तब्येत आपण परस्पर उत्तम करून टाकतो. त्याला आज विचारा, "कसं आहे?" आणि विचारलंत की गप्प बसा. जमत नसेल तर हनुवटी धरा. दुखणं ज्याचं, उत्तर त्याचं. रंगसुद्धा त्याचाच!