फटका खाऊन जागे झालेले

मित्रांनो, दचकू नका. कारखान्याच्या बोळात उभी असलेली ती गंजकी चौकट, जिच्यावर लोक येता-जाता छत्र्या आणि पिशव्या अडकवतात, तिच्यात लटकणारा मी एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे. माझा दांडा पोलादी आहे आणि डोकं एवढं जड की दोघांनी मिळून उचलावं. मला झोक्यासारखा वर ओढून खिटी काढली की मी खाली झेपावत असे आणि समोरच्या लोखंडी पाटावर आदळत असे. पाटावर जे बांधलेलं असेल त्याची हाडं खिळखिळी करायची, हा माझा धंदा.

माझा जन्मही मारातच झाला. मला लालबुंद तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा तापवलं. तेव्हाच्या वेदना मला आठवत नाहीत. इतरांना दिलेल्या मात्र आठवतात.

आमच्याकडे सेन्सर बनतात. यंत्राला हिसका, दाब, कल कळावा म्हणून त्याच्या पोटात जो तिळाएवढा तुकडा बसवतात, तो सेन्सर. त्याच्या आत सिलिकॉनची एक पट्टी केसाहून बारीक स्प्रिंगांवर लोंबकळत असते. हिसका बसला की ती हलते आणि यंत्राला कळतं, कुठेतरी काहीतरी आदळलं.

तिला घडवण्याची रीत ऐकाल तर अंगावर काटा येईल. सिलिकॉनची ताटाएवढी गुळगुळीत चकती घ्यायची. वायूचा भडिमार करून तिच्यात खंदक खणायचे. मग आम्लाच्या वाफेत आणि पाण्यात घालून पट्टीखालची जमीन खाऊन टाकायची, म्हणजे पट्टी अधांतरी राहते. शेवटी हिऱ्याच्या पात्याने चकतीचे तुकडे पाडायचे. एवढ्यातून जो जगेल तो माझ्याकडे येई, आणि मी त्याला मारत असे. माझ्या फटक्यानंतरही स्प्रिंग शाबूत राहिली, तरच तो बाहेरच्या जगात जायच्या लायकीचा.

सुरुवातीला कारखाना म्हणजे एक भट्टी, आम्लाची एक खोली आणि मी. चाकातली हवा मोजणारे सेन्सर तेवढे बनत. मग मालकांनी दार उघडलं. ज्यांच्याकडे कल्पना आहे पण भट्ट्या नाहीत, त्यांनी नकाशा घेऊन यावं, आम्ही घडवून देऊ. छापखाना जसा दुसऱ्यांची पुस्तकं छापतो तसं. या धंद्याला फाउंड्री म्हणतात. बघता बघता एकाच्या चार इमारती झाल्या. कुणी कानाच्या यंत्रासाठी येई, कुणी पाण्याच्या पंपासाठी, कुणी खेळण्यांसाठी. सगळ्यांची लेकरं शेवटी माझ्याच पाटावर बांधली जात. पाहुणे आले की मालक माझ्या दांड्यावर थाप मारून म्हणत, "याच्या हातून सुटला तो कुठेही टिकला."

माझ्या खोलीचे मुकादम होते फटकेकाका. हे नाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जाई. पंखा कुरकुरला की ते त्याला एक ठेवून देत. कपाट उघडलं नाही की लाथ. आम्लाच्या खोलीतल्या एका माणसाने चकती फोडली, तेव्हा त्याची कॉलर धरून काकांनी त्याला भिंतीवर असं आदळलं की त्याचं नाक फुटलं. "मला माझ्या बापानं असंच सरळ केलंय," ते म्हणत. त्यांच्या हाताखाली चाचणीवाली ताई होती. ती सेन्सर ट्रेमध्ये रचायची, तपासायची, मग पाटावर बांधायची.

आणि एके दिवशी जॅकेटवाल्या बाई आल्या. मोटारसायकलस्वारांसाठी त्यांनी एक जॅकेट बनवलं होतं. गाडी घसरली की सेन्सरला हिसका कळायचा आणि स्वार जमिनीवर पडायच्या आत जॅकेट उशीसारखं फुगायचं. सेन्सर आमचा. पहिलं जॅकेट त्यांच्या धाकट्या भावाने घातलं. शर्यतीच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने मुद्दाम गाडी पाडून दाखवायची, असं ठरलं होतं.

बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी ते जॅकेट माझ्या पाटावर फेकलं. रक्ताने ते कडक झालं होतं. एका बाहीची नुसती लक्तरं उरली होती.

"फुगलं," बाई म्हणाल्या. "तो आपटल्यावर फुगलं. चार बरगड्या गेल्यात त्याच्या. एक फुप्फुसात घुसली."

"जगला ना?" काकांनी विचारलं.

"मशीन श्वास घेतंय त्याच्यासाठी."

काकांनी जॅकेट जवळ ओढलं. मग जॅकेटमधला सेन्सर काढून त्यांनी तपासला. तो उत्तम चालत होता. "बघा," ते म्हणाले, "आमचा माल चोख आहे. तुमच्या शिवणकामात गडबड असेल."

"मला सगळं पहिल्यापासून बघायचंय. ट्रे भरण्यापासून."

"बघा की. आमच्याकडे काय लपवायचंय?"

ताईने नवे सेन्सर ट्रेमध्ये रचले. मग रोजच्या सवयीने तिने तो ट्रे उचलला आणि टेबलाच्या कडेवर खाड्कन आपटला. तपासणीची तार लावायला ती वळली, तोच बाईंनी तिचं मनगट धरलं.

"हे काय केलंत?"

"कुठे काय? उठवलं त्यांना."

"कुणाला?"

"झोपलेल्यांना," ताई म्हणाली. "काहींची पट्टी खाली चिकटून बसते ना, मग ते बोलत नाहीत. एक ठोका दिला की सुटतात. आधीपासून असंच करतात इथे. काकांनीच शिकवलंय."

बाईंनी मनगट सोडलं नाही. "आणि न ठोकता तपासलंत तर?"

ताईने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "तपास. होऊन जाऊ दे."

दुसरा ट्रे न आपटता तपासला. त्यातले कितीतरी सेन्सर मुके निघाले. आम्लानंतरचं पाणी वाळताना पट्टीला खाली ओढत होतं आणि ती जमिनीला चिकटत होती. ठोक्याने ती सुटे खरी, पण तिची ओढ जात नसे. शांत बसली की कधीतरी पुन्हा चिकटे, कधी दोन दिवसांत, कधी वर्षाने. भावाच्या जॅकेटमधली पट्टी तशीच चिकटून बसली होती. रस्त्याने त्याच्या छातीचा चुराडा केला, त्या दणक्याने ती सुटली, आणि मग जॅकेट फुगलं. म्हणून तर नंतरच्या तपासणीत ती शहाण्यासारखी बोलत होती.

भिंतीशी खोकी रचलेली होती, बाईंच्या पुढच्या सगळ्या जॅकेटांचे सेन्सर. सगळे ठोकून उठवलेले. ते तसेच गेले असते, तर कुणाकुणाच्या छातीवर जाऊन बसले असते.

"सगळे थोडेच वाईट असतील?" काकांचा आवाज खाली आला होता. "चांगलेही आहेत यात."

"मग निवडून द्या मला चांगले."

काकांनी वरचं खोकं उघडलं आणि तसंच मिटलं. ठोका सगळ्यांनाच बसला होता. त्यांतला कोण मुळातच धडधाकट आणि कोण मार खाऊन तात्पुरता जागा झालेला, हे सांगायची काही सोय उरली नव्हती. सगळे सारखेच बोलत होते.

"सगळे फोडले तर मालक मला उभा कापतील," काका म्हणाले.

"माझा भाऊ आधीच कापलेला आहे," बाई म्हणाल्या. "मारा."

काकांनी खिटी काढली.

मित्रांनो, मी जन्मभर मारलं ते कोण तगतो हे बघायला. त्या दिवशी पहिल्यांदा मला वर ओढलं ते कुणीही वाचू नये म्हणून. ताई ट्रेमागून ट्रे पाटावर थेट माझ्या तोंडाखाली ओतत होती, काका मला ओढत होते, आणि मी कोसळत होतो. स्प्रिंगा तुटल्या, पट्ट्या फुटल्या, करडी भुकटी पाटावरून सांडू लागली. काकांच्या तळहाताची साल निघून माझ्या साखळीला रक्त लागलं. तरी ते थांबले नाहीत. बाईही हलल्या नाहीत.

पुढे भाऊ वाचला. शिट्टी वाजवताना त्याला अजून मध्येच थांबावं लागतं म्हणतात. कारखान्यात पट्टीला खाली न ओढता सुकवणारं नवं यंत्र आलं आणि ट्रे आपटणं बंद झालं. माझ्या जागी हवेच्या दाबावर चालणारं सफाईदार यंत्र बसलं, आणि मला बोळात आणून ठेवलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, असं म्हणणार नाही. वाटतं थोडं.

पण तुम्हाला एक सांगायचंय, म्हणून थांबवलं. उद्या तुमच्या हाताखाली एखादं यंत्र अडेल, एखादं धाकटं भावंड गणितात अडेल. तुम्ही एक ठेवून द्याल आणि ते लगेच चालू होईल, पटापट बोलू लागेल. तेव्हा बरं झालं असं समजू नका. मार बसल्यावर सगळेच चालू होतात. हात उगारण्याआधी जरा वाकून बघा, ते कुठे चिकटलंय, त्याला खाली कोण ओढतंय. एकदा मारलंत की ते कळायची वाट बंद होते.

त्या खोक्यांत चांगलेही होते, मित्रांनो. पुष्कळ असतील. त्यांनाही मीच मारलं.