घराला कुलूप

शलाकाला आपल्या मराठीचा भारी अभिमान. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे सोसायटीच्या नोटिशीपासून बारशाच्या पत्रिकेपर्यंत कुठेही चार ओळी लिहायच्या असल्या की बाई पदर खोचून पुढे. कुळगावचं घर बिल्डरला दिलं आणि आईला, गोजरबाईला, तिने अंबरनाथला आपल्याकडे आणलं, तेव्हा दाराचं जुनं लोखंडी कुलूप आणि किल्ली तिने गावातल्या छोट्या संग्रहालयाला दिली. पाटीही अर्थात तिनेच लिहिली.

तळहाताएवढं ते कुलूप मोठं हट्टी. किल्ली उलटी फिरवायची आणि त्याच वेळी त्याच्या पोटावर एक चापट द्यायची, तरच ऐकायचं. ही खोड घरच्यांनाच ठाऊक. शलाकाचा भाऊ प्रमोद एकदा वडिलांशी कडाक्याचं भांडून बाहेर पडला, तेव्हा आण्णांनी रागाच्या भरात हेच कुलूप दाराला लावलं आणि किल्ली कमरेला खोचून सगळ्यांना शेतावर नेलं. प्रमोद परत आला, दाराला कुलूप बघितलं आणि जो गेला तो गेलाच.

त्यानंतर गोजरबाईने दाराला कुलूप म्हणून लावू दिलं नाही. आण्णांना शेवटचं दवाखान्यात हलवलं तेव्हाही दार नुसतं लोटून घेतलं. चोर येईल, असं शेजारणी बजावत. येऊ दे, ती म्हणायची, कोणीतरी येऊ दे.

यंदा थंडी सरताना तिने हट्टच धरला, माझं कुलूप दाखव. मायलेकी संग्रहालयात गेल्या. काचेच्या पेटीत कुलूप उघडं पडलं होतं. शलाका चमकली. तिने तर ते लावून दिलं होतं.

तिथले शिपाई बाळाजी ओशाळून सांगू लागले. दिवाळीनंतर एक माणूस आला होता, दाढी पिकलेला. आपल्या जुन्या घराच्या जागी इमारत बघून त्याने तिथल्या वॉचमनला विचारलं. वॉचमन परमुलखातला, त्याला काय माहीत. जुनं सामान इथे असतं म्हणून त्याने इकडे पाठवलं. माणसाने पाटी वाचली, पुन्हा वाचली, मग कुलूप हातात घेऊ का म्हणाला. किल्ली उलटी फिरवून त्याने एक चापट मारली आणि कुलूप उघडलं. तिथेच खाली बसून तो खूप रडला. नाव विचारलं तर तसाच निघून गेला.

"आमच्याच्याने ते परत लागेना," बाळाजी म्हणाले, "म्हणून तसंच ठेवलं."

गोजरबाईने काचेवर हात ठेवला. "आला व्हता गं. आण्णांनी लावलेलं कुलूप खोलून गेला. राग गेला त्याचा." मग तिने विचारलं, "मंग माझ्याकडं का नाय आला?"

शलाकाची नजर पाटीवर खिळली होती. 'आण्णांच्या पाठोपाठ गोजरबाईंनीही निरोप घेतला आणि या घराला कायमचे कुलूप लागले.' लिहिताना आधी 'घराचा निरोप' असं होतं. एका वाक्यात दोनदा घर नको, कानाला खटकतं, म्हणून तिने एक घर खोडलं होतं. तेवढ्या एका शब्दासाठी तिने जिवंत आईला मारून ठेवलं होतं.

गोजरबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक अक्षर तिला लागत नसे. "काय लिवलंयस, वाच की."

"लोखंडी कुलूप व किल्ली. कुळगाव." शलाका थांबली.

"इतकंच?"

"इतकंच."

"मंग पोराला कसं कळणार मी कुठं हाय ते? एवढी शिकलीस तू. लिव, आई अंबरनाथला लेकीकडं हाय. दार लोटलेलं हाय म्हणावं, ये."

शलाकाच्या फ्लॅटचं दार ओढलं की आपोआप कुलूप लागणारं होतं. तिने बाळाजींकडून पेन घेतलं. आई गेल्याचं वाचून परतलेला मुलगा तीच पाटी वाचायला पुन्हा येत नसतो, हे तिला कळत होतं. तरी आईने सांगितलं तसं तिने लिहिलं, आणि या वेळी एकही शब्द गाळला नाही.