घरात उंदीर नाही

मी कापशा बोलतोय, बालाघाटच्या एका घराच्या मागच्या अंगणातून. कालपर्यंत माझा पिंजरा आत, खिडकीपाशी असायचा. आज तो नालीजवळ ठेवलाय आणि माझ्याकडे कोणी बघत नाही.

माझा जन्म गोंदियातल्या एका दुकानात झाला. आम्ही भावंडं काचेच्या पेटीत एकमेकांच्या अंगावर झोपायचो. या घरातल्या अंजूच्या वाढदिवसाला तिचे बाबा धम्मपाल मला रेल्वेने इकडे घेऊन आले. अंगभर पांढरा, म्हणून अंजूनं माझं नाव कापशा ठेवलं. त्या घरात मला कोणी कधी उंदीर म्हटलं नाही. उंदीर म्हणजे नालीतले, तांदळाच्या पोत्याला भोक पाडणारे. त्यांच्यासाठी अंजूची आई संध्या कोपऱ्यात विषाच्या गोळ्या ठेवायची. माझ्यासाठी मुरमुरे.

अंजू अबोल मुलगी. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी माझ्याकडे यायची. एक मुरमुरा ओठांत धरून तोंड जवळ आणायची. मी पुढचे पाय तिच्या हनुवटीवर टेकवून तो अलगद काढून घ्यायचो. आई रागावेल म्हणून हा खेळ दार लोटून चालायचा.

मग तिला थंडी वाजून ताप आला. इकडे ताप म्हटला की आधी मलेरियाच आठवतो. रक्त तपासलं, काही निघालं नाही. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. तळहातांवर, तळपायांवर लाल ठिपके उठले. गुडघे सुजले. ज्या हातानं ती माझ्या पिंजऱ्याची कडी काढायची, त्या हातात पाण्याचा पेला धरवेना. शेवटी तिला दवाखान्यात भरती केलं.

एकदा धम्मपाल घरी आले आणि लांजी गावी राहणाऱ्या भावाशी फोनवर बोलू लागले. "डॉक्टर विचारत होते, घरी उंदीर आहेत काय. मी म्हटलं, एकही नाही साहेब, सारे मारून टाकले."

मी जाळी दातांनी खडखडवली. मी आहे ना घरात! मी कोण आहे मग? धम्मपाल थकलेले होते. मला भूक लागली असेल म्हणून त्यांनी वाटीत मुरमुरे टाकले आणि निघून गेले.

काल संध्या कपडे न्यायला आली. डोळे सुजलेले. पिंजऱ्याचं दार उघडून तिनं मूठ पुढे केली. "खाय बाबू," ती म्हणाली. चेहरा जवळ होता. मी मुठीकडे पाहिलंच नाही. सवयीनं वर चढलो, तिच्या हनुवटीवर पाय टेकवले आणि ओठ हुंगले.

ती दचकून मागे सरली. "हा माह्या तोंडापाशी काहून येऊन राह्यला?"

मुरमुरे खाली सांडले. तिनं धम्मपालना फोन लावला. "अंजूले विचारा, कापशाले तोंडानं चारत होती काय."

पलीकडून धम्मपालचा आवाज आला, "हो म्हणते." तिनं माझ्या पिंजऱ्याची कडी घातली.

"मंग डॉक्टरले सांगा, आपल्या घरी उंदीर आहे."

डॉक्टरांनी काय सांगितलं, ते नंतर ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. माझ्यासारख्यांच्या तोंडात जंतू राहतात. आम्हाला त्यांचा त्रास नसतो, पण ते माणसाच्या रक्तात गेले तर असा ताप आणतात. चावाच लागतो असं नाही, लाळही पुरते. उशीर झाला तर हृदयापर्यंत पोचतात. आता औषध बदललंय. ताप मात्र अजून उतरलेला नाही.

उद्या धम्मपाल मला जंगलात सोडणार आहेत. मी कधी बीळ खणलं नाही. हे पांढरं अंग कुठे लपवू, मला कळत नाही. तरी माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांची मोटारसायकल सुरू होण्याआधी दवाखान्यातून ताप उतरल्याचा फोन यावा, तेवढंच ऐकून मला जाऊ द्या.

तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी असेल. त्याला हातानं चारा, मग हात साबणानं धुवा. तोंड जवळ नेऊ नका, त्यानं कितीही मान वर केली तरी. आणि घरात कोणाला ताप आला, डॉक्टरांनी विचारलं, तर आमचं लाडाचं नाव बाजूला ठेवा. घरात उंदीर आहे, म्हणून सांगा. पहिल्याच दिवशी सांगा.