उन्हाळ्यात ओली होणारी भिंत

बेनाफिरा गावातल्या खालच्या गल्लीत, शेवटच्या घराची मागची भिंत पावसाळी हिवाळ्यात कोरडी असे आणि जूननंतर, आकाशातून थेंबही पडत नसताना, ओली होई.

अरासेलीने वाकून जमिनीलगतच्या गिलाव्यावर तळहात टेकवला आणि तो सावकाश वर नेला. तळाशी भिंत कोरडी होती, कमरेपाशी गार होती. खुर्चीवर चढून तिने छताजवळ हात लावला, तेव्हा बोटं ओली झाली.

"हात लावून काय कळणार, मॅडम?" नोएलिया दारातूनच म्हणाली. गावातल्या घरांचे सौदे जुळवणारी ही तरुण मुलगी आपले पांढरे बूट ओलीपासून जपत उभी होती. "आधीच्या मालकांनी तज्ज्ञ आणले, जमीन खोदली, भिंतीत औषधं सोडली. इथे अरबांचं राज्य होतं तेव्हाचा पाण्याचा पाट खाली आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"कुणी पाहिलाय?"

"काय?"

"पाट."

"आता जमिनीखालचा पाट कोण बघणार?" नोएलिया हसली.

"पाणी खालून चढत असतं, तर भिंत तळाशी जास्त ओली असती. ही वर ओली आहे." अरासेली खुर्चीवरून उतरली. "किल्ली माझ्याकडे राहू द्या."

"शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी बेल्जियमचं एक जोडपं येतंय. त्यांना भिंतीचं सोयरसुतक नाही, ते घर आतून पाडूनच बांधणार आहेत."

अरासेली याच गावातल्या लोहाराची मुलगी. ती लहान असताना बापाने घर विकलं आणि कुटुंब शहरात गेलं. तिथे तिने धरणांचं पाणी तपासण्यात नोकरीची सगळी वर्षं काढली. दरम्यान बाहेरच्या श्रीमंतांना या डोंगरावरून दिसणाऱ्या समुद्राचा शोध लागला; गच्च्यांवर पोहण्याचे तलाव आले आणि गावकऱ्यांना गाव परवडेनासं झालं. तिच्या आवाक्यातलं हे एकच घर उरलं होतं, आणि तेही या भिंतीमुळे. शहरातला फ्लॅट तिने विकून टाकला होता. राहायचं तर इथेच, हे तिचं ठरलं होतं. मात्र कारण कळल्याशिवाय सही करायची नाही, हेही तितकंच पक्कं होतं.

दुपारी धाकट्या भावाचा, फेर्मिनचा, फोन आला.

"ताई, लोक खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून बेनाफिरात घर घेतात. तू तर समुद्रच घरात घेतेयस."

"भिंत ओली आहे, फेर्मिन. घर नाही."

"म्हातारपणी सांधे धरले की मला हाक मारू नकोस हं."

"तुझे आधी धरतील. तू जाड आहेस," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि पेन्सिल उचलली.

घराचा नळ वर्षभर बंदच होता. तेव्हा पाणी घरातल्या नळीचं नव्हतं. वरच्या बंगल्यातला तलाव फरशा बदलण्यासाठी रिकामा केलेला होता आणि तरीही भिंत ओली होती. तेव्हा तेही कारण बाद झालं. ओलीच्या खालच्या कडेवर तिने संध्याकाळी ओढलेली रेघ सकाळी ओलीने ओलांडलेली असे. सकाळी ओढलेली रेघ मात्र ओल दिवसभर ओलांडत नसे. याचा अर्थ, पाणी संध्याकाळनंतर येत होतं. आणि पाट काही घड्याळ बघून वाहत नाही.

बुधवारी उन्हं कलल्यावर ती पायऱ्या चढून वरच्या गल्लीत गेली. ही गल्ली बरोबर तिच्या छताच्या पातळीवर होती, आणि ज्या भिंतीवर ती पेन्सिल चालवत होती तीच भिंत या गल्लीला खालून आधार देत होती. वर दोन्हीकडच्या घरांना जोडणारं जुनं तुळयांचं छप्पर असल्यामुळे इथे भर उन्हाळ्यातही सावली असे. दारं सगळी बंद होती. भाड्याने राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी किल्ली ठेवायच्या, आकड्यांच्या कुलपाच्या पेट्या प्रत्येक चौकटीवर ठोकलेल्या होत्या.

एका दारापुढे मात्र काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बादलीतलं पाणी ओंजळीने दगडांवर शिंपडत होती.

"सरक बाजूला, पोरी. पाय भिजतील."

अरासेलीला कित्येक वर्षांत कुणी पोरी म्हटलं नव्हतं. ती सरकली.

म्हातारीने डोळे बारीक केले. "तू लोहाराची ना? पाण्याच्या खात्यात होतीस म्हणे."

"होते, प्रिमितिवामावशी."

"मग माझ्या नळाला दुपारी पाणी का नसतं?"

"मी धरणाचं पाणी तपासायचे, मावशी. नळाचं नाही."

"म्हणजे तिथेही कामाचं काही केलं नाहीस."

प्रिमितिवा शेजारच्या बंद दारापुढे गेली आणि तिथे सडा टाकला. मग त्याच्या पुढच्या दारासमोर, मग समोरच्या. बादली संपली की आत जाऊन ती भरून आणी. पाणी दगडांवरून घरंगळत गल्लीच्या कडेला जाई, जिथे फरसबंदी आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती. ती फट पाणी मुकाट्याने पिऊन टाकी. अरासेली उकिडवी बसून फटीकडे बघत राहिली.

"या घरांत तर आता कुणी राहत नाही, मावशी."

"म्हणून काय झालं? जी पहिली बाहेर येईल तिने गल्लीभर सडा टाकायचा, धूळ बसेपर्यंत, दगड निवेपर्यंत. एखादीचंच दार कोरडं सोडलं, तर भांडण उकरून काढलं असं वाटेल तिला."

"आणि दुसरी येईल तिने काय करायचं?"

"दुसरीने खुर्च्या आणायच्या."

प्रिमितिवाने रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

 अरासेली पायऱ्या उतरून घरात गेली. आधीच्या मालकाने मागे टाकलेल्या दोन वेताच्या खुर्च्या तिथे पडून होत्या. दोन्ही दोन दंडांवर अडकवून ती वर आली.

प्रिमितिवाने एकीवर बसून पाहिलं, हलून पाहिलं. "हिचा एक पाय लंगडा आहे."

"ठोकून देईन. लोहाराची आहे ना मी. मावशी, हे पाणी माझ्या भिंतीत उतरतं."

"तुझी कुठली भिंत?"

"उद्यापासूनची."

"बरं," प्रिमितिवा म्हणाली. "मग उद्यापासून खुर्च्या वेळेवर आण."

घरी परतल्यावर अरासेलीने किल्लीच्या टोकाने भिंत खरवडली. वर सिमेंटचा टणक करडा थर होता. त्याच्या आत जुना चुना होता, भिजवलेल्या कणकेसारखा मऊ.

दुसऱ्या दिवशी नोएलिया कागद घेऊन आली, तेव्हा अरासेली छिन्नी-हातोडा घेऊन खुर्चीवर उभी होती आणि खाली फरशीवर सिमेंटच्या खपल्यांचा ढीग पडला होता.

"मॅडम! अजून सही व्हायची आहे!"

"आणा इकडे." तिने खाली उतरून हात झटकले आणि सही केली. कागदावर पांढरा अंगठा उमटला.

"म्हणजे कारण सापडलं? पाटच ना?"

"पाट नाही. वरच्या गल्लीतला सडा."

नोएलियाला समजायला थोडा वेळ लागला. "अहो, मग त्या आजींना बंद करायला सांगा की! नाहीतर नगरपालिकेत तक्रार करता येईल."

"पाणी भिंतीत उतरतं, हे मी त्यांना सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"खुर्च्या वेळेवर आण म्हणाल्या."

कारण असं होतं. उन्हाळ्यातल्या प्रत्येक संध्याकाळी वरच्या गल्लीत सगळ्या दारांपुढे सडा पडे आणि त्याचं पाणी कडेच्या फटीतून मागच्या भिंतीत उतरे. भिंत नुसत्या चुन्याची होती तोवर ती ते रात्री पिई आणि दिवसा सोडून देई. तिच्यावर सिमेंट चढवल्यापासून ते आत अडकू लागलं. हिवाळ्यात भिंत कोरडी असे, कारण छपराखालच्या त्या गल्लीत पाऊस पोचत नाही. तिथे पाणी पडतं, ते माणसं बाहेर येऊन बसणार असतात तेव्हाच.