क्वामबाईंच्या खणातला शिक्का

"सरकारने चुकून दोनदा पैसे दिले आणि आपण परत केलेच नाहीत, तर तुरुंगात टाकतात का हो?"

मित्रांनो, हा प्रश्न कानावर आला तेव्हा मी खणात, सुकलेल्या शाईच्या पेटीशेजारी आडवा पडलो होतो. विचारणारी होती सिग्ने, दहावीतली. काचेबाहेर तिच्या दोन मैत्रिणी फिदीफिदी हसत होत्या. 'विचारून दाखवच' अशी पैज त्यांनीच लावली होती.

"कोणाबद्दल म्हणतेयस?" कचेरीत बिलं बघणाऱ्या क्वामबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"एका मैत्रिणीचे बाबा आहेत. रस्त्यावरचा बर्फ काढतात."

"अगं, या गावात बर्फ काढणारे दोनच. एक माझा भाऊ, आणि त्याला मुलगी नाही."

सिग्ने लालेलाल झाली.

मी एक जुना शिक्का आहे. मूठ मेपलची, तळाला रबर, त्यावर दोनच शब्द: 'पैसे दिले'. अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटातल्या या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत माझी उमेदीची वर्षं गेली. डांबरवाले, खडीवाले, शाळेच्या बस दुरुस्त करणारे, सगळ्यांची बिलं माझ्याखालून गेली. चेक निघाला की बाई मला शाईवर टेकवायच्या आणि बिलावर थाप! शेजारच्या टेबलावरची कॉफीसुद्धा हलायची. काय रुबाब होता माझा! तेच बिल पुन्हा आलं, तरी बाई फाइल चाळायच्या; तिथे मी उमटलेला दिसलो की पैसे पुन्हा निघणं शक्यच नव्हतं. मग कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी झाली खोकल्याच्या गोळ्यांत नि तुटक्या पेन्सिलींत.

गेल्या हिवाळ्यातल्या वादळानंतर सिग्नेच्या बाबांनी बिल रस्तेखात्याच्या मुकादमाकडे दिलं. मुकादम असा विसरभोळा, की हिवाळ्यातली बिलं त्याच्या गाडीत उन्हाळ्यात सापडतात. म्हणून आईने तेच बिल टपालानेही पाठवलं. आणि नेमका त्याच वेळी मुकादम विसरला नाही! चेक आले दोन. दुसऱ्याचे पैसे ट्रकचा गिअरबॉक्स दुरुस्त करण्यात गेले आणि बाबा गप्प बसले.

"तुरुंगबिरुंग काही नाही गं," बाई म्हणाल्या. "सोमवारी तपासनीस येतील, बिलं जुळवतील. मग पत्र जाईल. पत्राला उत्तर नाही आलं, तर पुढच्या बिलांतून कापून घेतात, सगळे फिटेपर्यंत."

"म्हणजे अख्खा हिवाळा बाबांनी फुकट राबायचं? ट्रकमध्ये डिझेल कशाने भरणार?"

"स्वतःहून आधी येऊन सांगितलं, तर हप्ते बांधून मिळतात. थोडं थोडं कापतात, घर चालतं." बाईंनी तिला गोळी द्यायला खण उघडला, तशी तिची नजर माझ्यावर पडली.

"अय्या, हा किती गोड आहे!"

"ने घरी. इथे आता त्याला कोण विचारतंय?"

किती वर्षांनी कोणीतरी माझी मूठ धरली! मित्रांनो, जुनी वस्तू बाजूला टाकण्याआधी ती गुपचूप कोणतं काम करत होती, एवढं तरी बघत जा.

रात्री जेवायला बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं कालवण होतं. सिग्नेने बाईंचं बोलणं सांगितलं.

"चूक त्यांची. त्यांनीच शोधावी," बाबा पुटपुटले.

"आणि सापडली की?" आई म्हणाली.

"टपालाने कोणी पाठवलं होतं?"

"मुकादमावर विसंबून कोण राहतं?"

तेवढ्यात सिग्नेने मला टेबलावर आपटलं. थाप! दोघांची कॉफी हलली. जुने दिवस आठवून माझं रबर शहारलं.

"आई, बाबा, शुक्रवारी सकाळी नऊला क्वामबाईंकडे जायचंय. वेळ मीच घेतलीय, हप्ते मागायला. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन. आणि आजपासून आपली बिलं मी पाठवणार. एकदाच."