राजदूतची ओटी

नर्मदाबाईंच्या जिभेला हिंगोलीकडच्या गोरेगावात सगळे वचकून असत. भाव करायला आलेला व्यापारी त्यांच्या दारात चप्पल काढतानाच निम्मा हरलेला असे, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी फोनवर पोटचं पोरगं दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडत होतं, आणि ह्या बाईच्या तोंडून एवढंच निघालं, "असंल."

त्या एका शब्दानं त्यांची झोप नेली.

गोष्ट त्यांच्या मालकाच्या, ग्यानबाच्या राजदूतची. ती फटफटी घेतली तेव्हा हिंगोली जिल्हासुद्धा नव्हता. नंबर परभणीचा पडला. तिच्यावर बसून नर्मदाबाई रानात गेल्या, बाळंतपणाला गेल्या, पोरींच्या सोयरिकी बघायला गेल्या. ग्यानबा गेले, तशी ती ओसरीत पोत्याखाली झाकून उभी राहिली. बाजारपट्टीला गॅरेज टाकलेला तांड्यावरचा जगन दर दसऱ्याला यायचा, किक मारमारून ती चालू करून द्यायचा. मग नर्मदाबाई तिला हळदकुंकू लावायच्या आणि जगनला ओसरीच्या पायरीवर चहा द्यायच्या. इतक्या वर्षांत चहा पायरीच्या वर कधी चढला नव्हता.

ऑस्ट्रेलियाला नोकरीला असलेला त्यांचा शिवशंकर दिवाळीला आला, आणि पोतं बाजूला करून बराच वेळ गाडीकडं बघत बसला.

"आई, बाबांची गाडी मी तिकडं नेतो."

"ने की. विमानात गाडीला जागा हाय, आईला न्हाई."

"तू येत न्हाईस, म्हणून तर गाडी नेतो. आन विमानानं न्हाई, बोटीनं."

मग कागदांची वरात निघाली. गाडी अजून मेलेल्या माणसाच्या नावावर. आधी वारसांच्या सह्या, मग शिवशंकरच्या नावावर चढवणं, जुनी नोंद काढायला परभणी, तपासणीला आणि ना हरकतीला हिंगोली. एजंटानं गाडीच्या मानेवर कागद धरून वर पेन्सिल घासली, तसा खाली कोरलेला नंबर कागदावर उमटला. एवढं करून गाडी बोटीत चढवायच्या आधी त्या देशाची परवानगी हवी, आणि तिथं पोचल्यावर पुन्हा तपासून तिथला नंबर मिळणार, तेव्हा कुठं ती रस्त्यावर येणार.

"मला ह्या घरात आणलं, तवा तुह्या बापानं एवढे कागद केले न्हाईत," नर्मदाबाई म्हणाल्या.

जगननं गाडी पार सोडली. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते त्या देशात चालत नाही म्हणे, त्यानं नव्या घातल्या. मग धुणं सुरू झालं. मडगार्डच्या आतून काळ्या मातीचे पोपडे निघून अंगणात पडायला लागले, आणि नर्मदाबाईंचं डोकं फिरलं.

"काहून खरवडून राहिला रे? माती हाय ती, महारोग न्हाई. तिकडच्या साहेबाला म्हणावं, ह्याच मातीतली हळद सांगलीच्या बाजारात जाती."

"काकी, मी काय करू? दादांनी सांगितलं तसं करून राहिलो," जगन हसत म्हणाला.

शिवशंकर हसला नाही. "आई, नीट ऐक. तिकडं एक बी, एक दाणा, एक किडा सापडला तरी गाडी अडवतेत. ती साफ हाय म्हणून मी सही करून देणार. जगननं एकदा धुतली, की तिला हात लावायचा न्हाई. हळदकुंकूसुद्धा न्हाई."

"तू शिकलेला. आमी आडाणी," असं म्हणून त्या घरात गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, हे शिवशंकरच्या ध्यानात आलं नाही.

सुट्टी संपली, तो परत गेला. मागं सगळं जगनवर सोपवलं होतं. न्यायला टेम्पो आला त्या दिवशी गाडी नव्या नवरीसारखी चमकत होती, आणि नर्मदाबाईंना काही केल्या ते बघवेना. ह्या दारातून त्यांच्या लेकी गेल्या, नणंदा गेल्या. भांडून गेलेल्या जावेलासुद्धा त्यांनी रिकाम्या ओटीनं जाऊ दिलं नव्हतं. आणि ही? जिनं त्यांचा संसार पाठीवर वाहिला, ती समुद्रापार निघाली, ती अशी उघडी-बोडकी?

"जगन, चहा झालाय. आत सैपाकघरात जा, वतून घे."

जगन थबकला. "आत?"

"आत म्हणलं ना. पाय धू आन जा."

त्यानं पाय धुतले, डोक्यावरची टोपी काढली आणि देवळात जावं तसा तो आत गेला. तेवढ्यात नर्मदाबाईंनी कनवटीचं फडकं काढलं. मूठभर गहू, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याचा तुकडा. गाडीचा पाने-पकडी ठेवायचा डबा उघडून त्यांनी ते आत सारलं, झाकण लावलं आणि पदरानं डोळे पुसून टेम्पोवाल्यावर खेकसल्या, "दोर नीट आवळ. जनावर न्हाई, गाडी हाय ती."

उन्हाळ्यात फोन आला. नर्मदाबाईंना फोनचं हिरवं बटण दाबता यायचं, लावता यायचा नाही.

"आई, गाडी बंदरात अडवली," शिवशंकरचा आवाज फाटला होता. "पान्याच्या डब्यात गहू निघाले. किडे लागलेले, जिते! आता धुरी देऊन सोडतील, न्हाई तर मोडून टाकतील. मोडायचंच म्हणून राहिले. बाबांची गाडी, आई! ह्या जगननं घात केला माझा. डब्यात कसली तरी पुरचुंडी ठेवली आन विसरला. आसंच आसतं ह्या लोकांचं. त्याचंच काम ना?"

"असंल."

फोन ठेवला आणि त्या कोठीतले गहू चाळायला बसल्या. चाळणीत तपकिरी किडे तुरुतुरु पळत होते. घरचं धान्य, आपल्या हातचं, म्हणून त्यांनी त्या दिवशी बघितलंसुद्धा नव्हतं.

शिवशंकरनं जगनला फोनवर झाडलं, तेही गॅरेज गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना. आठवड्याच्या बाजारात लोकांना तेवढंच पुरलं. "जगनकडं गाडी टाकली, की डब्यात पीक येतं," म्हणायचे आणि टाळ्या द्यायचे. सेनगावच्या एका मास्तरांनी खोलून ठेवलेली गाडी तशीच उचलून नेली.

जगन एके सकाळी दारात आला. पायरीवरसुद्धा बसला नाही.

"काकी, माझं काय चुकलं? डबा मी हवा मारून पुसला व्हता. घडीघडी तेच आठवून राहिलो."

भ्यालेलं माणूस करतं तेच नर्मदाबाईंनी केलं. "मला काय इचारतोस? काम तू घेतलं व्हतंस!"

जगन हळूच म्हणाला, "यंदा माझ्या घरी गहू न्हाई, काकी. निस्ती ज्वारी हाय."

त्याची नजर ओसरीतल्या कोठीकडं गेली, तिथून सैपाकघराच्या दाराकडं. तिथं ती थांबली. नर्मदाबाईंनी ते बघितलं. त्याला कळलं होतं. आता बोलेल, आता बोलेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

"येतो," एवढंच म्हणून तो गेला.

इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा घरात बोलावलं, ते फसवण्यासाठी, हे काही केल्या नर्मदाबाईंच्या मनातून जाईना.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या गॅरेजात गेल्या. गिऱ्हाइकं होती. ती असावीत म्हणूनच त्यांनी तो दिवस धरला होता.

"जगन, शिवशंकरला फोन लाव. आन मोठ्यानं ऐकू येईल आसा कर."

"असू द्या काकी..."

"लाव म्हणलं!"

फोन लागला. नर्मदाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "शिव्या, ते गहू माहे. मी ठेवले. ह्याला चहाला आत धाडलं आन ठेवले."

एका गिऱ्हाइकानं हातातली विडी टाकली.

"काहून, आई? एवढं सांगितलं व्हतं."

"रिकामी कशी धाडू तिला?"

"मग मी फोन केला, त्या दिवशी काहून न्हाई सांगितलंस? मेकॅनिकची चूक म्हणून मी तिथं लिहून देऊन बसलो!"

"तू जगनचं नाव घेतलंस. मला ते सोयीचं पडलं. आता खरं लिही. मोडायची तर मोडू दे गाडी. ह्याचं नाव मोडू नको."

शिवशंकरनं जगनची माफी मागितली. जगन स्क्रीनकडं न बघता पाना पुसत म्हणाला, "ते जाऊ द्या, दादा. गाडी वाचती का ते बघा."

गाडी वाचली. शिवशंकरनं सगळं नव्यानं लिहून दिलं, कितीतरी चकरा मारल्या. गाडीला धुरी दिली, ओटी जाळून टाकली. पुढं तपासणी होऊन तिथला नंबर मिळाला आणि त्यानं फोटो धाडला. जगननंच तो आणून दाखवला. परक्या रस्त्यावर ग्यानबाची राजदूत, मागं अनोळखी अक्षरांची पाटी. नर्मदाबाईंनी पाटी बघितली नाही. त्यांनी डब्याचं झाकण बघितलं. ते उघडं होतं, आत काही नव्हतं. शिवशंकरनं मुद्दाम उघडं ठेवलं होतं का, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

"आत ये, जगन. चहा ठेवते. सैपाकघरात बस."

"न्हाई, काकी." तो नीटच बोलला, रागानं नाही. "इथंच द्या. दारात गिऱ्हाइकाची गाडी उभी हाय, नजरेसमोर असलेली बरी."

त्यांनी चहा बाहेर आणून दिला. जगननं तो त्या गाडीला टेकून, एक हात तिच्या पान्याच्या डब्यावर ठेवून, उभ्यानं प्याला. नर्मदाबाई पायरीवर बसून राहिल्या.